त्या कॉमन डॉट एच बद्दल: ड्रायव्हर टीम्सच्या लीड मंडळींना खुलं पत्र

ड्रायव्हर टीम्सचे लीड, आर्किटेक्ट आणि ट्री (म्हणजे सगळा सोर्स कोड) सांभाळणाऱ्या सगळ्या मंडळींनो,

नमस्कार. मी तुमच्यातलाच एक. बरीच वर्षं लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिहितोय, म्हणजे खरं सांगायचं तर लिहितो कमी आणि दुसऱ्यांनी लिहिलेले निस्तरतो जास्त. विषय रुक्ष आहे हे आधीच कबूल करतो. हेडर फाइल, म्हणजे व्याख्यांची ती डॉट एच फाइल जी बाकीच्या फाइली "इन्क्लूड" करून आत घेतात, ती कुठल्या फोल्डरात ठेवायची यावर पत्र लिहितं का कोणी? रिव्ह्यूमध्ये लॉकिंगवर चाळीस कमेंट पडतात, व्हेरिएबलच्या नावावरून दोन दिवस भांडणं होतात, आणि हेडरवर पडलीच तर एक कमेंट, "इन्क्लूड्स अल्फाबेटिकल लावा". झालं. म्हणूनच लिहितोय.

आधी किस्सा सांगतो, नंतर तक्रार.

आमच्याकडे दोन ड्रायव्हर होते. एक पॉवर आणि क्लॉक सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा, दुसरा त्याच्याकडून काम करून घेणारा. दोघांमध्ये एक छोटंसं स्ट्रक्चर (ठरलेल्या क्रमाने रचलेला डेटाचा गठ्ठा) ये-जा करायचं: ३२ बिटचे फ्लॅग्ज, ३२ बिटची लांबी, ६४ बिटचा अॅड्रेस, झाले १६ बाइट. त्याचं हेडर पहिल्या ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये. दुसरा ड्रायव्हर वेगळ्या सबसिस्टिममध्ये (कर्नलच्या वेगळ्या विभागात), टीमही वेगळी, मग त्यांनी काय केलं तर ती फाइल उचलली आणि आपल्या फोल्डरमध्ये चिकटवली. नाव तेच, गार्ड (तीच फाइल दोनदा आत येऊ नये म्हणून वर लिहितात ते नाव) तोच, वरची कॉपीराइटची ओळसुद्धा तीच. दीड वर्ष कोणाला काही कळलं नाही. मग पहिल्या टीमने स्ट्रक्चरच्या शेवटी ३२ बिटचं एक स्टेटस जोडलं, अलाइनमेंट धरून साइझ १६ वरून २४ झाला, आणि ही गोष्ट दुसऱ्या ड्रायव्हरच्या गावीच नाही, तो आपला जुन्या हिशोबाने १६ बाइट अलोकेट करतोय (मेमरीत राखतोय), पॉइंटर, म्हणजे त्या जागेचा पत्ता, पाठवतोय, आणि पहिला त्या पॉइंटरपासून १६ बाइट पुढं जाऊन स्टेटस लिहितोय, म्हणजे थेट शेजाऱ्याच्या घरात. ते पण कधी, तर सस्पेंडमधून उठताना, आणि त्यातही एरर आली तरच.

आता खरी गंमत. तीच चिप आमच्या आर्म ६४ बोर्डावर होती आणि पीसीआय कार्डाच्या रूपात एक्स८६ (इंटेल-एएमडीवाल्या) मशीनवरही चालायची. टेस्टिंग सगळं बोर्डावर. आणि आर्म ६४ वर ६.५ च्या आधीच्या कर्नलमध्ये केमॅलकचा (कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) सगळ्यात लहान तुकडाच १२८ बाइटचा असायचा, डीएमएसाठीच्या (डिव्हाइस थेट मेमरीत वाचतं-लिहितं त्यासाठीच्या) कॅश लाइनच्या हिशोबामुळे. म्हणजे आम्ही १६ मागितले तरी हातात १२८, मागं ११२ बाइट मोकळं रान, त्यात चार बाइट कोणी जास्तीचे लिहिले तर कोणाच्या बापाला कळणार? बोर्डावर सगळं हिरवं. एक्स८६ वर मात्र १६ मागितले की १६ च मिळतात, आणि शेजारी कोण बसलाय ते नशीब. कधी क्रॅश भलत्याच ड्रायव्हरमध्ये, कधी फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये, कधी काहीच नाही. अकरा दिवस गेले. अकरा! शेवटी कासान (मेमरीतल्या चुकीच्या लिखाणावर पहारा ठेवणारं कर्नलचं साधन) चालू करून बिल्ड केलं तेव्हा पहिल्याच सस्पेंडला "स्लॅब आऊट ऑफ बाउंड्स" म्हणून रिपोर्ट आला, कुठल्या फंक्शनने अलोकेट केलं आणि कोण बाहेर लिहितंय, सगळं नावानिशी. (कासान पहिल्या दिवशीच का नाही लावलं, हा प्रश्न मला विचारू नका, मी तो स्वतःला अजून विचारतो.)

रूट कॉजच्या मीटिंगमध्ये निष्कर्ष काय निघाला माहितीये? "कम्युनिकेशन गॅप." पुढच्या वेळेपासून हेडर बदलताना दुसऱ्या टीमला ईमेल टाकायचा. म्हणजे जे काम कंपायलरने फुकटात केलं असतं ते आता ईमेलने करायचं.

कंपायलरने तेव्हा का नाही पकडलं, तर त्याला बिचाऱ्याला दिसलंच नाही. सी मध्ये प्रत्येक डॉट सी फाइल एकटी कंपाइल होते, तिला तिच्या हेडरमध्ये जे दिसतं तेच तिच्यासाठी सत्य. लिंकर फक्त नावं जुळवतो, आत स्ट्रक्चर किती बाइटचं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. काही जण म्हणतील मॉडव्हर्जन्स (कर्नलचीच एक तपासणी) आहे की, एक्सपोर्ट केलेल्या सिंबॉलचा (बाहेरच्यांना वापरायला दिलेल्या नावाचा) सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, जुळला नाही तर मॉड्यूल (चालू कर्नलला जोडायचा तुकडा) लोडच होत नाही. बरोबर, पण तो सीआरसी एक्सपोर्ट करणाऱ्याच्या बाजूने काढलेला असतो आणि वापरणारा मॉड्यूल बिल्ड होताना तोच आकडा तयार उचलतो. तुमच्या फोल्डरमधल्या कॉपीत काय लिहिलंय हे तिथं कोणी तपासत नाही. दोन कॉपी झाल्या की राखणदार कोणीच उरत नाही.

आता तक्रार. कॉपी करणाऱ्या त्या पोराला मी शिव्या घातल्या होत्या, मनातल्या मनात, पण नंतर त्याच्या जागी उभं राहून बघितलं तर त्याच्यापुढं तीन रस्ते होते. एक, इन्क्लूडमध्ये डॉट डॉट स्लॅश डॉट डॉट स्लॅश करत दुसऱ्या ड्रायव्हरच्या घरात घुसायचं. दोन, मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) आय फ्लॅग देऊन ते अख्खं फोल्डर सर्च पाथमध्ये घ्यायचं, मग त्यातली बाकीची पंधरा प्रायव्हेट हेडर्सही दिसायला लागतात आणि आपल्याकडे त्याच नावाची फाइल असेल तर कुठली उचलली जाईल ते पाथच्या क्रमावर. तीन, कॉपी. त्याने तिसरा निवडला, जो सगळ्यात स्वच्छ दिसतो आणि सगळ्यात वाईट आहे. चौथा रस्ता, म्हणजे ते हेडर दोघांना दिसेल अशा जागी हलवायचं, हा त्याच्या हातात नव्हता. तो तुमच्या हातात होता. दोन टीमच्या मध्ये पडणारी फाइल हलवायची तर वरच्याने हो म्हणावं लागतं, आणि वरच्याला हेडर हा विषयच वाटत नाही.

आणि जिथं वरच्याने हो म्हटलंय तिथं काय झालंय? कॉमन डॉट एच. प्रत्येक ट्रीमध्ये असते ही फाइल, नाव कधी कॉमन, कधी ग्लोबल, कधी चिपच्या नावापुढं डेफ्स. एक ना धड भाराभर चिंध्या. रजिस्टरचे (चिपच्या आतल्या कप्प्यांचे) ऑफसेट तिथं, डीबग प्रिंटचा मॅक्रो (नाव दिलेला कोडचा तुकडा) तिथं, फर्मवेअरशी (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामशी) बोलायचं स्ट्रक्चर तिथं, स्वतःचा मिनिमम-मॅक्सिममचा मॅक्रो तिथं (कर्नलमध्ये असताना), आणि वर तीस इन्क्लूड, कोणासाठी घातले होते ते घालणाऱ्यालाही आठवत नाही. एक ओळ बदला, साडेतीनशे फाइली परत कंपाइल. बरं त्यातून एखादा इन्क्लूड काढायला जावं तर कुठंतरी लांबच्या फाइलमध्ये एरर येते, कारण ती फाइल मागच्या दाराने त्याच इन्क्लूडवर जगत होती. मग माणूस हात जोडतो आणि तो इन्क्लूड परत ठेवतो. असं फक्त वाढत जातं.

हे आपल्यापुरतंच आहे असं नाही, कर्नलच्या गाभ्यातही हेच झालं होतं. इन्क्लूड/लिनक्स मधलं कर्नल डॉट एच बघा, वर्षानुवर्षं ज्याला जागा नाही ते तिथं टाकलं गेलं. २०२० च्या सुमारास ते फोडायला सुरुवात झाली, मिनमॅक्स वेगळं, मॅथ वेगळं, कंटेनर ऑफ वेगळं, आणि आता त्या फाइलीच्या डोक्यावरच लिहून ठेवलंय की यात एकमेकांशी संबंध नसलेल्या बऱ्याच गोष्टी जमल्यात, दुसऱ्या हेडरमध्ये हे घेऊ नका. कर्नलचा जुना डेव्हलपर इंगो मोल्नार याने २०२२ च्या जानेवारीत जी पॅच सीरीज (कोडमधल्या बदलांची मालिका) टाकली ती तर २,२०० च्या वर कमिट्सची, म्हणजे नोंदलेल्या बदलांची होती, विषय एकच, हेडर्सचं जंजाळ सोडवणं, कारण शेड्यूलरच्या (प्रोसेसर कोणाला कधी द्यायचा ते ठरवणाऱ्या भागाच्या) एका हेडरमागून अर्धं कर्नल ओढलं जात होतं. बिल्ड कितीतरी फास्ट झाल्याचे आकडे त्याने दिले. तरी ती सीरीज जशीच्या तशी आत गेली नाही, एवढं मोठं एका घासात गिळणार कोण, तुकड्यातुकड्याने काम पुढं सरकलं. वेळेवर न केलेली साफसफाई किती महाग पडते ते बघा.

आणि आर्मचा इतिहास तर आपण ड्रायव्हरवाल्यांनी विसरूच नये. एक काळ असा होता की आर्मच्या प्रत्येक चिप फॅमिलीचं स्वतःचं माक नावाचं फोल्डर, आणि प्रत्येकात हार्डवेअर डॉट एच, आयआरक्यूज डॉट एच अशी त्याच नावांची हेडर्स. ड्रायव्हर बिनधास्त माक/हार्डवेअर डॉट एच इन्क्लूड करायचे आणि कुठल्या चिपचं यायचं ते बिल्डच्या वेळी पाथ ठरवायचा. परिणाम असा की दोन चिप फॅमिलींसाठी एकच कर्नल बांधणं अशक्य, कारण एकाच नावाची दोन सत्यं एका बिल्डमध्ये बसत नाहीत. तो गुंता सोडवताना ड्रायव्हरला लागणारी प्लॅटफॉर्म डेटाची (बोर्डाच्या माहितीची) हेडर्स उचलून इन्क्लूड/लिनक्स/प्लॅटफॉर्म डेटा मध्ये नेली, आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये कर्नल ३.७ आलं त्यात मल्टिप्लॅटफॉर्म आर्मची, म्हणजे अनेक चिप फॅमिलींसाठी एकाच कर्नलची, सुरुवात झाली. त्याच ३.७ मध्ये यूएपीआयचं विभाजनही झालं, म्हणजे युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या अॅप्सना) दिसणारी हेडर्स इन्क्लूड/यूएपीआय खाली वेगळी. त्याआधी एकाच फाइलीत कर्नलचं आणि बाहेरच्यांचं सगळं एकत्र, मध्ये "इफडेफ कर्नल" (कर्नलच्या बिल्डमध्येच दिसेल अशी अट) घालून पडदा टाकलेला. विंडोजच्या ड्रायव्हर किटमध्येही अशीच वाटणी आहे, केएम, यूएम आणि शेअर्ड असे तीन फोल्डर, नावावरूनच कळतं कोणाला काय दिसायचं ते.

तर मुद्दा हा, आणि पत्राचा सगळा जीव यातच आहे: हेडर कुठं ठेवायचं ते "आत काय आहे" यावरून ठरवू नका, "कोणाला दिसायला हवं" यावरून ठरवा. आत रजिस्टर्स आहेत म्हणून रेग्ज डॉट एच मध्ये, मॅक्रो आहेत म्हणून मॅक्रोज डॉट एच मध्ये, ही कपाटाची मांडणी झाली. एकाच डॉट सी ला लागणारं असेल तर हेडर काढूच नका, त्या फाइलीच्या डोक्यावरच राहू द्या, तीस रजिस्टर असली तरी. एका ड्रायव्हरच्या चार-पाच फाइलींना लागतं तर त्याच फोल्डरमध्ये, अवतरण चिन्हांतला इन्क्लूड. एका सबसिस्टिममधल्या अनेक ड्रायव्हर्सना लागतं तर त्या सबसिस्टिमच्या फोल्डरमध्ये. आणि सबसिस्टिमची भिंत ओलांडली, जसं आमच्या त्या दोन ड्रायव्हर्सचं, किंवा एमएफडी (अनेक कामं करणारी) प्रकारची एकच चिप जिचा एक तुकडा रेग्युलेटर (व्होल्टेज सांभाळणारा), एक आरटीसी (घड्याळ), एक जीपीआयओ (साध्या पिना), तर इन्क्लूड/लिनक्स खाली, आणि तिथं सुद्धा फक्त जेवढं भिंतीपलीकडे लागतं तेवढंच. फंक्शनची प्रोटोटाइप्स, ते एक स्ट्रक्चर, दोन-चार फ्लॅग्ज. बाकीचं प्रायव्हेट हेडर घरातच. म्हणजे एका ड्रायव्हरची दोन हेडर्स होतात, एक घरचं एक दारचं, आणि होऊ द्यात की.

डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर कुठलं हार्डवेअर आहे त्याची यादी, तिच्या बाइंडिंग्जची जागा आणखी वेगळी. इन्क्लूड/डीटी-बाइंडिंग्ज मधलं हेडर सी मध्येही जातं आणि डीटीएस (त्या यादीची मूळ फाइल) मध्येही, आणि डीटीसीला (तिच्या कंपायलरला) ईनम आणि स्ट्रक्ट समजत नाहीत, त्यामुळे तिथं फक्त डिफाइन. आणि एकदा टाकलेले नंबर बदलायचे नाहीत, कारण जुना डीटीबी (कंपाइल झालेली यादी) घेऊन नवीन कर्नल बूट करणारा कोणीतरी असतोच.

यूएपीआय म्हणजे तर काळ्या दगडावरची रेघ. तिथं यू३२ (३२ बिटच्या आकड्याचा टाइप) नाही, दोन अंडरस्कोरवालं यू३२, बूल नाही, पॉइंटर शक्यतो नाही, पॅडिंग (मधली रिकामी जागा) स्वतःच्या हाताने लिहून शून्य आहे का ते तपासायचं. ६४ बिटचं फील्ड ३२ बिटच्या एक्स८६ वर चार बाइटला अलाइन होतं आणि ६४ बिटवर आठला, म्हणजे तेच स्ट्रक्चर जुन्या ३२ बिटच्या अॅपने पाठवलं तर ऑफसेट हलू शकतात, म्हणून मुद्दाम अलाइन केलेला टाइप वापरायचा. आणि आयओआर, आयओडब्ल्यू मॅक्रोने बनवलेल्या आयऑक्टलच्या (अॅपने ड्रायव्हरला द्यायच्या आज्ञेच्या) नंबरमध्ये स्ट्रक्चरचा साइझ आत कोरलेला असतो, त्यामुळे एक फील्ड वाढवलं की नंबरच बदलतो आणि जुन्या अॅपला नॉटटी ("ही आज्ञा इथं चालत नाही") एरर येऊन लोक डोकं खाजवत बसतात. हे हेडर आणि ड्रायव्हरचं घरचं हेडर एकाच फाइलीत ठेवणारे लोक मला आजही भेटतात.

स्टब्जचं, म्हणजे नावापुरत्या रिकाम्या फंक्शन्सचं, थोडक्यात. सेवा देणारा ड्रायव्हर कॉन्फिगमध्ये बंद असेल तर हेडरमध्येच स्टॅटिक इनलाइन रिकामं फंक्शन द्या, वापरणाऱ्याच्या डॉट सी मध्ये इफडेफची झाडी नको. स्टॅटिक विसरलात तर मल्टिपल डेफिनिशन. आणि सेवा देणारा मॉड्यूल पण वापरणारा बिल्ट-इन (कर्नलच्या आतच बांधलेला), ही जोडी कोणी टेस्टच करत नाही, तिथं लिंक तुटते, त्याची सोय केकॉन्फिगमध्ये (कर्नलमध्ये काय चालू-बंद ते ठरवणाऱ्या फाइलीत) "असेल तर जोडीने, नाहीतर नसेलच" अशा डिपेंड्सने करायची असते.

आणि प्रत्येक हेडर स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. कर्नलच्या सबमिट चेकलिस्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की जी सोय वापरता तिची व्याख्या असलेलं हेडर स्वतः इन्क्लूड करा, दुसऱ्या हेडरच्या आडून येईल या भरवशावर राहू नका. पण उलटही तेवढंच खरं, हेडरमध्ये स्ट्रक्ट डिव्हाइसचा नुसता पॉइंटर असेल तर अख्खं डिव्हाइस डॉट एच कशाला ओढता, "स्ट्रक्ट डिव्हाइस" आणि अर्धविराम, एक ओळ, भागलं. तपासायचा सोपा उपाय म्हणजे फक्त त्या हेडरचा इन्क्लूड असलेली रिकामी डॉट सी बनवून कंपाइल करा. २०१९ मध्ये हीच टेस्ट सगळ्या कर्नलच्या हेडर्ससाठी आणली होती, फार कटकट झाली म्हणून काही महिन्यांत काढलीसुद्धा, युजरस्पेसच्या हेडर्सपुरती राहिली. इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरने मात्र आपल्यापुरती ठेवली. तुमच्या ड्रायव्हरपुरती तुम्हीही ठेवू शकता, कोणाची परवानगी लागत नाही.

आता तुमची उत्तरं मला पाठ आहेत. "बॅकपोर्टला त्रास होतो." होतो, मी पण करतो बॅकपोर्ट (नवे बदल जुन्या कर्नलमध्ये नेणं), आणि हलवलेल्या हेडरमुळे स्टेबलचा (फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या जुन्या कर्नलचा) पॅच लागत नाही तेव्हा मी पण चरफडतो. "ट्रीबाहेरचे मॉड्यूल फुटतात." फुटतात, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एएसएम/अनअलाइन्ड डॉट एच तिथून उचलून लिनक्स/अनअलाइन्ड डॉट एच केलं तेव्हा कितीतरी बाहेरच्या ड्रायव्हर्सचे बिल्ड पडले, त्यात आमचाही एक होता. दुरुस्ती एका ओळीची, व्हर्जन बघून इन्क्लूड बदलायचा, कॉफी गार व्हायच्या आत झाली. आमच्या अकरा दिवसांच्या शेजारी ते ठेवून बघा. "ब्लेम गढूळ होतं." म्हणजे कुठली ओळ कोणी बदलली तो इतिहास. मग हलवायचा कमिट वेगळा ठेवा, त्यात एक अक्षरही बदलू नका, गिट (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) नावबदल बरोबर ओळखतं. आणि जुन्या जागी एका इन्क्लूडची फाइल एखाद्या रिलीजपुरती ठेवा, लोकांना सावरायला वेळ मिळतो. फक्त ती काढायची तारीख त्याच कमिटमध्ये लिहा, नाहीतर ती तुमच्या नातवंडांपर्यंत जाईल.

एका गोष्टीत मात्र माझं काही म्हणणं नाही. मशीनने जनरेट केलेली रजिस्टर हेडर्स, जशी एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये लाखो ओळींची आहेत, त्यांना हात लावू नका. ती माणसाने वाचायची नाहीत, लावायचीही नाहीत. ती एका फोल्डरात कोंडून ठेवा आणि जनरेट करणारा स्क्रिप्ट हरवू देऊ नका, बस.

मला तुमच्याकडून काय हवंय, तर तीनच गोष्टी. दोन टीम्सच्या मध्ये असलेल्या प्रत्येक हेडरची मेंटेनर्स फाइलमध्ये (कुठली फाइल कोण सांभाळतं त्या यादीत) एन्ट्री, म्हणजे ते बदललं की दोन्हीकडच्यांना पॅच आपोआप जाईल, ईमेल टाकायची आठवण कोणी ठेवायला नको. फर्मवेअरशी किंवा दुसऱ्या ड्रायव्हरशी वाटून घेतलेल्या प्रत्येक स्ट्रक्चरखाली साइझचा स्टॅटिक असर्ट (साइझ बदलला की बिल्ड पाडणारी ओळ). कॉपी असेल तर असर्टही कॉपी होतो आणि दोन्हीकडे पास होतो, माहितीये मला, पण फील्ड वाढवणाऱ्याचा बिल्ड तिथं फुटतो आणि तो क्षणभर थांबून विचार करतो की हे अजून कोण वापरतंय. आणि तिसरं, सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या बिल्ड-तपासणीत) एक पाच ओळींचा स्क्रिप्ट, जो एकच गार्ड दोन फाइलींमध्ये दिसला की बिल्ड पाडेल. आमच्या ट्रीवर मी तो गंमत म्हणून चालवला. चौदा जोड्या निघाल्या. त्यातल्या तीन जोड्यांमध्ये आतलं स्ट्रक्चर आत्ताच वेगळं झालेलं आहे.

त्या तिघांपैकी पहिल्या जोडीचा पॅच मी मागच्या आठवड्यात पाठवलाय. एक फाइल डिलीट होते, एक हलते, सहा फाइलींमध्ये इन्क्लूडची ओळ बदलते. अजून कोणी उघडलेला नाही, रिव्ह्यूअर म्हणून तुमचीच नावं आहेत. तेवढा बघा, बाकीचे दोन तयार ठेवलेत.

तुमचाच,
एक ड्रायव्हरवाला